'दहावा विभाग' आणि राऊल पेक यांचे चित्रपट

डायस्पोरा ही संज्ञा मराठी समीक्षेत आली ती मुख्यतः इंग्रजीतून लिहिणाऱ्या भारतीय वंशाच्या कादंबरीकारांच्या अनुषंगाने; आणि येताना तिने स्मरणरंजनाचा एक हळवा सूरही सोबत आणला. दूर राहिलेले घर आणि त्याची ओढ हेच जणू विस्थापनाचे सार, असे गृहीत धरून अनेक प्रबंध लिहिले गेले. हैतीच्या क्रेओल भाषेत मात्र या शब्दाची तऱ्हा वेगळी आहे. तेथे परदेशातून परतलेल्या एकट्या माणसालाही 'द्यास्पोरा' असे संबोधतात, आणि त्या संबोधनात आपुलकीइतकाच बोचरेपणा असू शकतो. देशाचे नऊ प्रशासकीय विभाग असताना, १९९० नंतरच्या काळात परदेशस्थ हैतीयनांना 'दहावा विभाग' म्हणण्याचा प्रघात पडला. पुढे २००३ मध्ये नकाशावर खराखुरा दहावा विभाग निर्माण झाला, ही गोष्ट वेगळी.

राऊल पेक यांचे चित्रपट या संदर्भात पाहिले पाहिजेत. १९५३ साली पोर्त-ओ-प्रिन्स येथे जन्म, दुवालिए राजवटीच्या काळात कुटुंबासह काँगोत स्थलांतर, नंतर न्यूयॉर्क, फ्रान्स व बर्लिन येथे शिक्षण, असा त्यांचा जीवनक्रम. या भ्रमंतीमुळे त्यांना 'मुळांचा शोध घेणारा कलावंत' ठरविण्याचा मोह समीक्षकांना होतो. तो टाळावयास हवा. पेक यांच्या चित्रपटांत शोध असतो तो मुळांचा नव्हे, तर उत्तरदायित्वाचा. 'हैतीयन कॉर्नर' या पहिल्या मोठ्या चित्रपटाचा नायक ब्रुकलिनमध्ये राहणारा, हैतीच्या तुरुंगातून सुटलेला कवी आहे. आपला छळ करणारा माणूस याच शहरात आपल्याला दिसला, असे त्याला वाटते. मायदेश त्याचा पाठलाग करीत येतो तो आठवणींच्या सुगंधासारखा नव्हे, तर छळ करणाऱ्याच्या चेहऱ्याने.

'लुमुम्बा : प्रेषिताचा मृत्यू' या माहितीपटात हा प्रश्न अधिक अवघड होतो. १९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाल्यावर बेल्जियन अधिकारी निघून गेले. त्यांच्या रिक्त जागांवर फ्रेंच जाणणारे सुशिक्षित हैतीयन नेमले गेले. पेक यांचे वडील त्यांपैकीच एक. म्हणजे एका देशातून परागंदा झालेले कुटुंब दुसऱ्या देशाच्या उलथापालथीत लाभार्थी ठरले. विस्थापित हा सदैव निरागस बळीच असतो, या सोयीस्कर समजुतीला येथे तडा जातो. आणि हा तडा कोणा टीकाकाराने नव्हे, तर खुद्द दिग्दर्शकाने पाडलेला आहे. घरगुती चित्रफिती, आईने सांगितलेल्या हकीकती आणि हिवाळ्यातले ब्रुसेल्स एवढ्या साधनांवर हा माहितीपट उभा आहे. लुमुम्बांची हत्या १७ जानेवारी १९६१ रोजी झाली. देह नष्ट केला गेला, त्यामुळे दीर्घकाळ समाधी नव्हती. उरलेला एक दात बेल्जियमने परत केला तो २०२२ मध्ये.

देशीवादी मांडणीत भूमी, भाषा आणि समूह यांचा अनुबंध स्वयंसिद्ध मानला जातो. हैतीपुढे ती मांडणी अडखळते. तेथील बहुसंख्यांचे पूर्वज आफ्रिकेतून बळजबरीने आणलेले. मूळ ताइनो समाज वसाहतीच्या आघाताने जवळजवळ नामशेष झालेला. १८०४ च्या स्वातंत्र्यानंतर १८०५ च्या घटनेने सर्व हैतीयनांना 'काळे' या एकाच नावाने ओळखले जावे असे ठरविले, आणि त्यात नागरिकत्व मिळालेले पोलिश व जर्मनही आले. आपलेपण हे तेथे वारशाने आलेले नाही, राजकीय कृतीने घडविलेले आहे. १९९६ मध्ये पेक हैतीचे सांस्कृतिक मंत्री झाले व १९९७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, याचा अर्थही याच चौकटीत लावला पाहिजे. घरवापसीची कथा म्हणून तो प्रसंग वाचणे अपुरे ठरेल.

सर्वच चित्रपट या उंचीचे आहेत असे नाही. २०२१ ची चार भागांची 'एक्स्टर्मिनेट ऑल द ब्रूट्स' ही मालिका तीन खंडांचा इतिहास कवेत घेऊ पाहते, तेव्हा निवेदकाचा 'मी' विधानांच्या गर्दीत पातळ होतो. त्यापेक्षा २०२४ चा अर्नेस्ट कोल यांच्यावरील माहितीपट नेमका आहे. वर्णभेदाची छायाचित्रे घेणारा हा दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकार १९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये परागंदा अवस्थेतच वारला. त्याची हजारो निगेटिव्हे २०१७ मध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेच्या तिजोरीतून बाहेर आली. ती तेथे कोणी ठेवली, हे विचारीत चित्रपट पुढे सरकतो आणि उत्तर मिळत नाही.