म्हणे हुरूप नाही!

संकल्प सोडायला हातावर पळीभर पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातुरात त्याचीही चणचण होती. मिरजेहून आगगाडीने पाणी आले. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तेव्हा नांदेड-लातूरकडच्या आम्ही मंडळींनी छपराचे पाणी जमिनीत जिरवण्याच्या शपथा घेतल्या. पाऊस आला, शपथा वाहून गेल्या! मी आणलेला पाइप अजून जिन्याखालीच आहे. ‘हुरूप राहिला नाही’ ही सबब वर्गात मी पोरांची ऐकत नाही. मग माझी कुणी का ऐकावी? वाचकहो, हुरूप हा पाहुणा. काम घरच्यांनीच उरकायचे असते. यंदा पाडव्याला नवा संकल्प नको. ओवाळणी तबकात पडली, की मी शिडी लावणार. तुमच्या जिन्याखाली काय आहे?