पिकअपमधून घाटात जाताना: अपघात कुठे सुरू होतो?

11 ऑगस्ट 2025, श्रावणी सोमवार. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेली पिकअप चढ चढू शकली नाही, मागे सरकत गेली आणि खाली कोसळली. किमान 10 महिलांचा मृत्यू झाला. 18 ऑक्टोबरला नंदुरबारच्या चांदसैली घाटात अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप दरीत गेली. अशा बातम्यांत ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ हे वाक्य ठरलेले असते. माझ्या मते ते नियंत्रण बऱ्याचदा माणसे हौद्यात चढतात तेव्हाच सुटलेले असते.

पिकअप मालासाठी बनलेली आहे. पोती तळाशी बसतात, माणसे उभी राहतात. म्हणून वजन उंचावर जाते आणि वळणावर गाडी कलते. चढावर सगळे मागे रेलतात, पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंगची पकड कमी होते. त्यात इंजिन बंद पडले तर ब्रेकला मिळणारी इंजिनची मदत थांबते. एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, मग पेडल कडक होते. म्हणून चढाच्या पायथ्याशीच उतरावे आणि चालत वर जावे. गाडी अडलीच तर ब्रेक दाबून धरून हँडब्रेक ओढावा, चाकामागे दगड लावावा, आणि गाडीच्या मागे कोणीही थांबू नये. धक्का मारायला तर मुळीच नाही.

उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि लागेनासा होतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे जिवाशी खेळ.

आपल्या यावल तालुक्यात तर घाटाचीही गरज पडली नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि त्यात बसलेले किमान 15 मजूर गेले.

घरच्यांनी चालकाकडेही पाहावे. रात्रभर यात्रेत जागलेल्याला सकाळी घाटात गाडी देऊ नका. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणारा चालक उपाशी असेल तर साखर घसरून त्याला भोवळ येऊ शकते; त्याने खाऊनच निघावे. फिट येणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाडी चालवू नये.

अपघात झालाच तर 108 ला फोन करा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. सातपुड्यात जखमीला झोळीतून आणायची सवय आहे, पण झोळीत पाठ वाकते आणि मणका मोडला असेल तर मज्जारज्जूला आणखी इजा होऊ शकते. हलवावेच लागले तर फळीवर किंवा ताठ विणलेल्या खाटेवर सरळ झोपवून, डोके-मान एका रेषेत धरून हलवा.

पैशांसाठी थांबू नका. मे 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात. तिथे पोचल्यावर या योजनेचे नाव घेऊन विचारा.