आधी ओटा, मग दिवाणखाना

आमच्याकडे घराचा नकाशा काढला जातो तो त्या घरात न राहणाऱ्या माणसांसाठी. हे विधान ज्यांना अतिशयोक्तीचे वाटेल त्यांनी आपल्या माहितीतल्या कोणत्याही नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला जावे आणि यजमान घर कोणत्या क्रमाने दाखवतात तेवढे पाहावे. प्रथम पाहुण्यांना रस्त्यावर उभे करून घराचे तोंड दाखवतात. त्याला हल्ली 'एलेव्हेशन' म्हणतात. मग हॉल. तेथे छताला खोटे छत, खोट्या छतात खरे दिवे, आणि ते किती प्रकारांनी लागतात याचे प्रात्यक्षिक. मग जिन्याचा काचेचा कठडा, मग निजायच्या खोल्या, मग त्यांना जोडलेल्या न्हाण्या, मग गच्ची. आणि सरतेशेवटी पाने मांडायची वेळ झाली की, "आणि हे किचन," असे म्हणून दारातूनच हात दाखवतात. दारातूनच, कारण आत शिरायला वाव नसतो. तेथे तिघी बायका अगोदरच अंग चोरून वावरत असतात.

घर बांधणे ही आमच्या मध्यमवर्गाची जन्माची कमाई. त्यासाठी माणूस वीस-वीस वर्षे हप्ते फेडतो, पोटाला चिमटा घेतो, आणि मग त्या घरातली सर्वांत मोठी, हवेशीर आणि उजेडाची खोली कोणाला देतो? तर पाहुण्याला! तो पाहुणा आठवड्यातून किती तास येतो? अलीकडे तर आपण त्यालाही परस्पर हॉटेलातच बोलावतो. उरलेला वेळ तो भव्य हॉल एका दूरदर्शन संचाची आणि सोफ्यावर पडलेल्या वर्तमानपत्राची सेवा करीत असतो.

आता उलट बाजू पाहा. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने 2019 साली देशभर एक पाहणी केली : माणसे दिवसाचा वेळ कशात घालवतात? घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जातात असे आढळले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची 97. पुन्हा 2024 साली मोजले तेव्हा हे आकडे 289 आणि 88 झाले होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांनीही लगोलग नऊ वाचवून घेतली! ही सगळी मिनिटे काही ओट्यापाशीच जात नाहीत, हे मला मान्य आहे. पण त्यांतला मोठा वाटा तेथेच खर्ची पडतो हे सांगायला सरकारी पाहणीची गरज नाही. मग जेथे घरातले एक माणूस रोज तासन् तास उभे असते ती खोली नकाशात सगळ्यात शेवटी का यावी? तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर हॉल, जिना, दोन बेडरूमा आणि मोटारीची जागा बसवून झाल्यावर जो कोपरा शिल्लक राहील त्याला 'किचन' का म्हणावे?

"छे, छे! आम्ही तिला विचारले होते की!" असे गृहस्थ ताबडतोब सांगतील. विचारले होते, हे खरे. पण काय विचारले होते? टाइल्सचा रंग. ट्रॉल्यांची दारे चकचकीत हवीत की मंद. जागा किती हवी, खिडकी कोठे हवी, ओटा किती उंच हवा, हे ठरून आणि पालिकेकडून मंजूर होऊन आल्यानंतर तिला रंगांचे पुस्तक दाखवण्यात आले. वास्तुशास्त्रवाल्याला मात्र नकाशावर पेन्सिल टेकण्यापूर्वी तीनदा बोलावले होते. त्याने आग्नेय सांगितली की आग्नेय. त्यासाठी भिंत सरकते, खर्च वाढतो, कोणी चकार शब्द काढीत नाही. आग्नेय कोपऱ्याचे मत विचारात घेतले जाते. त्या कोपऱ्यात जिला उभे राहायचे आहे तिचे नाही.

आणि कागदोपत्री तिचा मान वाढला म्हणून कोणी समाधान मानू नये. महाराष्ट्र सरकारने 2021 सालच्या एप्रिलपासून बाईच्या नावे घर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. निर्णय चांगलाच. परंतु तेव्हापासून कित्येक घरांत हिशेबी नवऱ्यांना आपल्या पत्नीच्या मालकी हक्काचा जो कळवळा आला आहे तो एक टक्क्याच्या पलीकडे गेलेला मला तरी दिसत नाही. मालकीण म्हणून सही करायची आणि ओट्याची उंची गवंड्याने ठरवायची!

ही उंचीची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तिच्यापायी किती खांदे आणि किती कंबरा गेल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. कोपर वाकवून ताठ उभे राहिले असता ओटा कोपराच्या चार-पाच इंच तरी खाली असावा, हा साधा हिशेब आहे. कणीक तिंबायची आणि पोळी लाटायची तर याहूनही खाली, कारण तेथे अंगाचा भार घालावा लागतो. त्यातून आमचे पोळपाट पायांचे. ते ओट्यावर ठेवले की कामाची उंची आणखी दीड-दोन इंचांनी वाढते. म्हणजे पाच फूट उंचीच्या बाईने खांदे कानापर्यंत उचलून वीस पोळ्या लाटायच्या. गवंडी बिचारा काय करील? त्याला कोणी सांगितलेच नाही, म्हणून त्याने मागच्या घरी घातला तेवढाच ओटा येथे घातला. आणि तयार फर्निचरवाल्यांचे माप तर कोणत्या देशातल्या बाईच्या बेताचे आहे, ते त्यांनाच ठाऊक!

यावर एक नवे उत्तर ऐकू येते : "अहो, आता पुरुषही स्वयंपाक करतात." करोत बापडे, आनंदच आहे. ज्या दिवशी घरधनी रोज सकाळी पोळ्या लाटू लागेल त्या दिवशी ओट्याची उंची, चिमणीचा आवाज आणि खिडकीची दिशा या प्रश्नांवर आठवड्याच्या आत तोडगा निघेल, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

हा अंक आपल्या हाती आहे म्हणजे आत फराळाचे चालले असणार. नव्या घराच्या नकाशाची याहून कठोर परीक्षा दुसरी नाही. एका बाजूला चकलीची भाजणी मळलेली परात, शेजारी सोऱ्या. शेगडीवर कडकडीत तेलाची कढई. तळलेल्या चकल्या निथळायला वर्तमानपत्र पसरायचे ते कोठे? चिवडा गार व्हायला पसरायचा कोठे? लाडू वळायला सासूबाईंनी बसायचे कोठे? हे काम एकटीचे नसते. दोघी-तिघी लागतात, आणि मधून एखादे पोर मूठ भरायला धावत येतेच. आमच्या त्या आटोपशीर स्वयंपाकघरात मग परात डायनिंग टेबलावर जाते, चिवडा बेडरूमच्या पलंगावर जातो आणि सासूबाई हॉलच्या कडेला सतरंजीवर बसतात. एरवी ज्या हॉलमध्ये पाण्याचा थेंब सांडू देत नाहीत तेथे तुपाचे हात! घराने आपली चूक सणाच्या दिवशी स्वतःच कबूल केली, असेच म्हणायचे.

राष्ट्रीय इमारत संहितेत जेवणघर वेगळे असल्यास स्वयंपाकघराला किमान पाच चौरस मीटर जागा आणि 1.8 मीटर रुंदी सांगितली आहे. किमान, म्हणजे याहून कमी चालणार नाही. आम्ही त्याचा अर्थ 'एवढे पुष्कळ झाले' असा करतो.

लहान स्वयंपाकघर वाईटच असते, असे मात्र मी म्हणत नाही. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी 1926 साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. सुमारे 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब, एवढेच. पण त्यासाठी त्यांनी बाईचे प्रत्येक काम आणि प्रत्येक फेरी विचारात घेतली, आगगाडीच्या भोजन-डब्यातली खानसाम्याची जागा डोळ्यांपुढे ठेवली, आणि बसून काम करता यावे म्हणून स्टूलही नकाशातच दिले. अशी हजारो स्वयंपाकघरे तेथे बांधली गेली. त्यातही खोट आहेच : तेथे एकटीनेच राबावे, दुसऱ्याला शिरायला वाव नाही. आमच्या फराळापुढे ते टिकणार नाही. परंतु नकाशा कामापासून काढायचा असतो हे त्या बाईंनी शंभर वर्षांपूर्वी दाखवले, आणि आम्ही अजून सोफ्यापासून काढतो.

येथे जुन्या वाड्यांचे गोडवे गाणारे पुढे सरसावतील. त्यांनाही चार शब्द सांगणे भाग आहे. दुसऱ्या चौकापलीकडचे ते काळेकुट्ट स्वयंपाकघर, ओले सरपण, फुंकणी, धुराने चुरचुरणारे डोळे, आणि शेजारी भरदिवसा दिवा लावावा लागे असे माजघर! वाड्यात सदर पुरुषांची आणि धूर बायकांचा, अशी वाटणी होती. तेव्हा वाड्याची आठवण काढून कोणी उसासे टाकू नयेत. एक गोष्ट मात्र तेथे होती, ती म्हणजे परस. भांडी घासणे, धान्य निवडणे, पापड वाळवणे, कैऱ्या चिरणे, हे सारे उघड्यावर, उजेडात, दुसऱ्या माणसाशी बोलत होई. नव्या बंगल्यात मागच्या दाराला लागून चार हातांची फरसबंद जागा ठेवली तर तेच साधेल. पण तेथे तर आपण पाण्याची मोटर आणि मोडक्या खुर्च्या ठेवतो.

उन्हाचेही असेच. घर दर्शनी बाजूने सजवण्याच्या नादात स्वयंपाकघर पश्चिमेला पडले तर काय होते हे मे महिन्यात संध्याकाळी तेथे उभे राहून पाहावे. दक्षिणेचे ऊन उंचावरून येते, त्याला दोन फुटांचा छज्जा अडवतो. पश्चिमेचे ऊन आडवे येते. छज्जा त्याच्यापुढे हतबल. त्याला अडवायला पडवी हवी, झाड हवे, जाळी हवी. वर पाहावे तर सिमेंटचा स्लॅब. पुण्यात मेच्या मध्यास सूर्य ऐन डोक्यावर येतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खालच्या माणसांवर सोडतो. मुंबईत कंबाला हिलवर 1983 साली पुऱ्या झालेल्या 'कांचनजंगा' इमारतीत चार्ल्स कोरियांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचीच युक्ती वापरली. ऊन आणि पाऊस बाहेरच थांबावेत म्हणून राहत्या खोल्यांपुढे दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या सोडल्या. श्रीमंतांच्या उत्तुंग इमारतीला जी पडवी परत आणावीशी वाटली ती आम्ही आमच्या एकमजली घरातून ग्रील ठोकून, काचा लावून हद्दपार केली, आणि मग वातानुकूलन यंत्र विकत आणले. तेही अर्थात बेडरूममध्ये! ओट्यापाशी पंखासुद्धा लावता येत नाही, कारण शेगडी विझते.

ओपन किचनविषयी मात्र माझे मत इतके कडवे नाही. फोडणीचा ठसका हॉलभर जातो, सोफ्याला हिंगाचा वास लागतो, हे सगळे खरे. पण ती बाई निदान घरातल्या बोलण्याला मुकत नाही. आणि ठसका हॉलमध्ये गेला तर जाऊ द्या की! इतकी वर्षे तो एकटीनेच घेतला.

म्हाताऱ्या माणसांबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल. तूर्त इतकेच, की आरशासारखी गुळगुळीत फरशी ओली झाली की काय होते ते प्रत्येक हाडवैद्याला ठाऊक आहे. खरबरीत शहाबादी स्वस्तही असते आणि पायाला धरूनही ठेवते. न्हाणीच्या दाराची रुंदी आज सहा इंच वाढवणे फुकट आहे. आजोबा चाकांच्या खुर्चीत बसल्यावर तेच करायला भिंत फोडावी लागते.

ज्यांचा नकाशा अजून कागदावरच आहे त्यांनी या दिवाळीत एक करावे. रांगोळीच्या डब्याशेजारी खडू असतोच. शेजारच्या गच्चीवर किंवा मोकळ्या प्लॉटवर ते स्वयंपाकघर खऱ्या मापाने आखावे : येथे ओटा, येथे शेगडी, येथे मोरी, येथे फ्रिज, येथे दार. मग घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या हाती परात द्यावी आणि तिला त्या रेघांमध्ये पाव तास वावरायला सांगावे. दुसरीलाही बरोबर उभे करावे. नवऱ्याने वही-पेन्सिल घेऊन रेघेबाहेर बसावे आणि ती सांगेल ते उतरवून घ्यावे. ती म्हणाली की हॉल चार फुटांनी कमी करा, तर करावा. आणि ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांनी निदान ओट्याखालची एक ट्रॉली काढून टाकावी, तेथे गुडघे जातील एवढी मोकळी जागा करावी आणि एक उंच स्टूल आणून ठेवावे. सुताराला एक दिवस पुरतो.