पाण्याला वाट द्या

पूर आला म्हणजे आपण दैवाला दोष देतो. पाऊस अतोनात पडला, धरण भरले, नदी खवळली, आणि मनुष्याचा काही इलाज चालला नाही, अशी ह्या कथेची ठरलेली मांडणी असते. तिच्यात अर्धेच सत्य आहे. पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही. परंतु पडलेल्या पाण्याने कोणत्या वाटेने जावे, कोठे विसावावे आणि कोणाच्या घरात शिरावे, हे पुष्कळ अंशी मनुष्यच ठरवीत असतो. आणि तेही पुराच्या कित्येक वर्षे आधी, शेतजमिनीचे भूखंड पाडताना. आपले कडोदरा आज नेमके ह्याच अवस्थेत आहे. उसाची शेते जाऊन तेथे घरे, चाळी आणि रंगाई-छपाईच्या मिली उभ्या राहत आहेत. म्हणून रस्त्यांच्या आणि भूखंडांच्या रेघा कागदावर पक्क्या होण्यापूर्वी पाण्याची वाट आखली गेली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

ह्या विषयाशी आपला, म्हणजे मराठी कुटुंबांचा, संबंध दुहेरी आहे. आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे जळगाव, धुळे आणि नंदुरबार ह्या जिल्ह्यांत आहेत. मध्यप्रदेशात मुलताईपाशी उगम पावलेली तापी सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करिते. वाटेत पूर्णा, गिरणा, पांझरा ह्यांचे पाणी पोटात घेऊन ती खानदेशातून उकाईच्या जलाशयात उतरते आणि शेवटी सुरत शहर ओलांडून अरबी समुद्रास मिळते. आपल्या आजोळी श्रावणात जो पाऊस कोसळतो, त्याचे पाणी काही दिवसांनी सुरतेच्या होप पुलाखालून वाहत असते. ज्या मार्गाने आपले वाडवडील पोटासाठी इकडे आले, त्याच मार्गाने पूरही आला आहे.

१९६८ सालच्या ऑगस्टात सुरतेस महापूर आला. नदीतून त्या वेळी सुमारे १५ लाख क्युसेक पाणी वाहिले, असा हिशेब आहे. क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट पाणी. त्यानंतर १९७२ साली उकाई धरण पुरे झाले. शेतीला पाणी, कारखान्यांना वीज आणि सुरतेस पुरापासून संरक्षण, अशी तिहेरी आशा त्यामागे होती. ह्या आशेची किंमत ज्यांनी मोजली, ते बहुतेक आदिवासी होते. त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची गावे, शेते आणि देवस्थाने जलाशयाखाली गेली. शहराच्या रक्षणासाठी इतरांनी आपली घरे दिली, ही गोष्ट शहरात राहणाऱ्याने कधीही विसरू नये.

परंतु शहर ती विसरले. धरण झाले, आता भय नाही, अशी समजूत रूढ झाली, आणि ह्या निर्धास्तपणातून नदीचे पात्र आवळले जाऊ लागले. काठाच्या सखल जमिनीवर वस्त्या आणि इमारती आल्या, गाळ साचत गेला, पाणीपुरवठ्यासाठी सिंगणपूर येथे पात्रातच बंधारा झाला. मग २००६ सालचा ऑगस्ट उजाडला. वरच्या खोऱ्यात प्रचंड पाऊस झाला, भरत आलेल्या उकाईतून ९ लाख क्युसेकांच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि शहराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली गेला. शंभराहून अधिक माणसे दगावली. धरण आधीच अधिक रिकामे ठेवावयास हवे होते की नाही, ह्याविषयी त्या वेळी पुष्कळ वाद झाला. तो वाद महत्त्वाचा आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ह्या दोन आकड्यांत दडलेली आहे. १९६८ साली १५ लाख क्युसेक पाणी आले असता होप पुलापाशी पातळी १२ मीटरांच्या किंचित वर गेली होती. २००६ साली ९ लाख क्युसेक आले, तरी पातळी तेवढीच, किंबहुना थोडी अधिक झाली. पाणी कमी होते आणि पूर मात्र तितकाच मोठा! एवढा फरक कोणी केला, ह्याचे उत्तर आकाशात शोधण्याचे कारण नाही.

ह्यात आता हवामानाच्या पालटाची भर पडली आहे. पृथ्वीची हवा एका अंशाने तापली, तर ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. ह्यामुळे जो पाऊस पूर्वी आठवडाभर रिमझिमत पडावा, तो काही तासांत कोसळण्याचे प्रसंग वाढत आहेत. २००५ सालच्या २६ जुलैस मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि बुजत आलेली मिठी नदी शहरभर पसरली. समुद्राची पातळीही हळूहळू चढत आहे. सुरत नदीमुखाजवळ वसलेली असल्याने, भरतीच्या वेळी समुद्र वर चढला की नदीचे आणि खाड्यांचे पाणी बाहेर पडण्यास आधीच अडखळते. अशा काळात जुन्या पावसाच्या मापाने नवी गटारे बांधणे, हे वाढत्या मुलास गतवर्षीच्या मापाचा सदरा शिवण्यासारखे आहे.

येथे कोणी म्हणेल, “हे सर्व सुरतेचे झाले. कडोदऱ्यातून तापी वाहत नाही. मग आपणांस काळजी कशाची?” प्रश्न वाजवी आहे, परंतु पूर केवळ मोठ्या नदीनेच येतो असे नाही. सुरत शहरात मिठी, कोयली, भेडवाड अशा अनेक खाड्या शिरतात. त्यांचे पाणी शहराबाहेरून, म्हणजे कामरेज, पलसाणा आणि बारडोली ह्या तालुक्यांकडून येते. २०२५ सालच्या जून महिन्यात तापी शांत असतानाही ह्या खाड्या फुगून शहराच्या वस्त्यांत पाणी भरले होते. आपले कडोदरा पलसाणा तालुक्यातच आहे. खानदेशाच्या दृष्टीने आपण पाण्याच्या खालच्या अंगास आहोत, तर लिंबायतच्या चाळींतील आपल्याच भाऊबंदांच्या दृष्टीने वरच्या अंगास. आपण येथे एखादा ओढा बुजविला, तर त्याचे फळ आपणांसही मिळते आणि त्यांसही.

ह्याचा हिशेब आठवीच्या विद्यार्थ्यासही करता येईल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरावर एक लिटर पाणी. एका हेक्टरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १० लाख लिटर पाणी झाले. उसाच्या शेतात हे पाणी बांधाआड थांबते, काही मुरते आणि उरलेले सावकाश ओढ्याकडे जाते. त्याच शेतावर पत्र्याची छपरे आणि सिमेंटची अंगणे आली, म्हणजे जवळजवळ सर्व पाणी तत्काळ वाहू लागते. मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि सुरत–बारडोली रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, तेथे आपले गाव वसले आहे. शेजारी चलथाणवरून लोहमार्ग जातो. शेतांना पाणी देणारे कालवे आहेत. हे सर्व आपल्या उपजीविकेचे आधार होत. परंतु पाण्याच्या दृष्टीने पाहिले, तर उंच भरावाचा प्रत्येक मार्ग हा एक आडवा बांध आहे, आणि त्याखालच्या मोऱ्या अरुंद किंवा कचऱ्याने तुंबलेल्या असतील, तर अलीकडची वस्ती तळे बनावयास वेळ लागत नाही.

आणि त्या तळ्यात कोण राहते? जी जागा सखल, तिचे भाडे कमी. म्हणून ज्याची मिळकत कमी, त्याचे बिऱ्हाड तेथे. बंगल्यात पाणी शिरले तर गालिचे भिजतात. एका खोलीच्या संसारात शिरले, तर महिन्याचे धान्य, शिधापत्रिका, शाळेची पुस्तके आणि कामाचे चार दिवस एकदम जातात. पाणी ओसरल्यावर ताप आणि जुलाब येतात ते निराळेच. नगररचनेचा प्रश्न हा असा न्यायाचाही प्रश्न आहे.

सुरत शहर ठेचांतून शिकले, हे त्यास शोभणारे आहे. १९९४ साली पुरानंतरच्या घाणीतून प्लेगाची साथ उद्भवली, लक्षावधी लोक शहर सोडून पळाले. परंतु पुढील वर्षी आयुक्तपदी आलेल्या श्री. एस. आर. राव ह्यांच्या कारकीर्दीत शहराने अशी कात टाकली, की १९९६ साली ‘इंटॅक’ ह्या संस्थेने चंदीगडच्या खालोखाल त्यास देशातील स्वच्छ शहर ठरविले. २००६ नंतरही हेच घडले. महानगरपालिका, धरणाचे अधिकारी, व्यापारी आणि अभ्यासक एकत्र आले, २०११ साली हवामानाच्या संकटांस तोंड देण्याची योजना सिद्ध झाली, वरच्या खोऱ्यातील पावसावरून पुराची आगाऊ सूचना देण्याची व्यवस्था उभारण्यात आली. हे सर्व स्तुत्य आहे. तथापि सूचना मिळाल्याने माणूस वाचतो. घर जागचे हलत नाही. नदीकाठची वस्ती पुढे उठवावी लागते, आणि ती शहराच्या दूरच्या कडेला नेली की माणसाचे काम एकीकडे आणि बिऱ्हाड दुसरीकडे होते. बुडाल्यानंतर शिकण्याची किंमत ही अशी असते. कडोदरा अजून लहान आहे. त्यास ती किंमत न देता शिकता येईल.

त्यासाठी नवा कायदाही नको. १९१५ साली, सुरत मुंबई इलाख्यात असताना, नगररचनेचा जो कायदा झाला, त्याच परंपरेतून १९७६ चा गुजरात नगररचना व नागरी विकास अधिनियम आला आहे. त्याप्रमाणे एखाद्या विभागातील सर्व जमिनी एकत्र धरून नव्याने आखल्या जातात. प्रत्येक मालकास थोडा लहान पण सुबक भूखंड परत मिळतो आणि उरलेली जमीन रस्ते, शाळा, उद्याने ह्यांसाठी सार्वजनिक होते. बागा, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा ह्यांसाठी तीत ५ टक्क्यांचे प्रमाण सांगितले आहे. माझे म्हणणे इतकेच, की हे पाच टक्के नकाशातील निरुपयोगी कोपऱ्यात टाकू नयेत. जेथे पाणी स्वभावतः जाते, त्या सर्वांत सखल जागी आणि ओढ्याच्या दोन्ही काठांस ते ठेवावेत. वर्षातून चार दिवस क्रीडांगणात पाणी साचले, तर कोणाचे काय बिघडले? उरलेले दिवस मुले तेथे खेळतील, आणि झाडे लावली तर मिलीतून दमून आलेल्या माणसास वैशाखात सावलीही मिळेल. ह्याच्या जोडीला गावतळी बुजविण्यास मनाई, मार्गाखालच्या मोऱ्या रुंद करणे आणि ज्येष्ठापूर्वी त्या साफ करणे, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

“जमीन महाग आहे, असे केल्याने गावाची वाढ खुंटेल,” असा आक्षेप येईल, आणि तो ज्याची एकरभरच जमीन आहे त्याच्या तोंडून आला तर हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु सर्वांच्या जमिनीतून सारख्या प्रमाणात भाग घेण्याची रीत ह्यासाठीच आहे, की ओढा ज्याच्या बांधावरून जातो त्या एकट्यावर भार पडू नये. आणि ज्या गावात पावसाळ्यात माल भिजतो, मिल बंद पडते आणि कामगार मुलखास निघून जातात, त्या गावाची वाढ कितीशी टिकेल?

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. कडोदऱ्यात गुजराती, मराठी, हिंदी, उडिया अशा अनेक भाषा बोलणारे लोक राहतात. पुराची सूचना एकाच भाषेत दिली गेली, तर ती अर्ध्या गावास पोहोचत नाही. नगरपालिकेने ती सर्वांच्या भाषांत द्यावी, आणि प्रत्येक चाळीत ती मोठ्याने वाचून दाखविणारा एक तरी विद्यार्थी असावा.

विद्यार्थ्यांनी दुसरेही एक काम करावे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस वहीत नोंदवावा. गावातील वृद्ध शेतकऱ्यांस विचारून ओढे, खाड्या आणि तळी पूर्वी कोठे होती, कोणत्या साली पाणी कोठवर चढले, ह्याचा नकाशा काढावा. ही माहिती कचेरीतल्या कागदांपेक्षा त्यांच्या स्मरणात अधिक आहे, आणि ती माणसे आता थकली आहेत.

नगररचना योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला, म्हणजे नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागविल्या जातात. आपल्या आईवडिलांपैकी पुष्कळांस हे ठाऊक नसते. ठाऊक असले तरी गुजरातीतील सरकारी मजकूर वाचण्यास संकोच वाटतो, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्याचे कोण ऐकणार, असेही वाटते. आपणांस मात्र दोन्ही भाषा येतात. तो मसुदा घरी वाचून दाखवावा, आपला नकाशा त्याच्या शेजारी ठेवावा, आणि जेथे ओढ्यावर भूखंड दिसेल तेथे मुदतीच्या आत वडीलमंडळींकडून हरकत नोंदवावी. एका साध्या अर्जाने अडविता येणारे पाणी पुढे कोट्यवधी रुपयांच्या भिंतींनीही अडत नाही.