पाय जाड, की पाय आजारी?

साडीचा एक गुण म्हणजे ती पाय झाकते, आणि तोच तिचा दोषही. पायांचे काय चालले आहे ते घरात कुणाला दिसत नाही आणि बाई आपणहून सांगत नाही. कधी लग्नात पैंजण घालताना एखादीचे पाय नजरेस पडतात आणि आपल्या वऱ्हाडात लगेच दोन निदाने होतात. एक, "लय खाते वं हे!" आणि दुसरे, हळूच, "हत्तीपाय तं नाई ना?" दोन्ही चुकीची असू शकतात.

तिसरा एक आजार आहे. त्याचे नाव लिपेडिमा. १९४० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ॲलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. यात कातडीखालची चरबी वेडीवाकडी वाढते. हा आजार जवळजवळ बायकांनाच होतो. वयात येताना, गरोदरपणात किंवा पाळी जाण्याच्या सुमारास तो सुरू होतो किंवा वाढतो. पुष्कळदा आईला, मावशीलाही असतो.

ओळखायचा कसा? दोन्ही पाय सारखे जाड होतात, पाऊल मात्र सडपातळ राहते. पैंजणाच्या जागी जाडी एकदम थांबते आणि कडे घातल्यासारखी घडी दिसते. पाय दाबला तर दुखतो. पलंगाचा कोपरा जरा लागला की काळानिळा डाग! उपासतापास केले तर चेहरा उतरतो, कंबर उतरते, पाय फारसे उतरत नाहीत.

आता याच्या पायऱ्या पाहू.

पहिली पायरी : कातडी वरून गुळगुळीत, पण हाताला आत वाटाण्याएवढ्या बारीक गाठी लागतात.

दुसरी पायरी : कातडी उंचसखल होते, खळगे पडतात, गाठी मोठ्या होतात.

तिसरी पायरी : मांड्यांवर आणि गुडघ्यांजवळ चरबीच्या वळ्या लोंबू लागतात. मांडीला मांडी घासते, चाल बदलते, गुडघे बोलू लागतात.

काही डॉक्टर चौथीही मानतात. तिच्यात शरीरातल्या लसिकेचा निचरा अडतो आणि पाऊलही सुजते.

एक लक्षात ठेवा. पायरी आणि दुखणे एकाच मापाने वाढत नाहीत. पहिल्या पायरीवरची मुलगीही कळवळून जाते. आणि प्रत्येकीचा आजार शेवटच्या पायरीपर्यंत जातोच असेही नाही.

हत्तीरोगाचे तसे नाही. तो डासांमुळे होतो. बहुधा एक पाय जास्त सुजतो आणि पाऊल, बोटेही सुटत नाहीत. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहा. उचलली जात नसेल तर लसिका तुंबल्याची शंका घ्यावी. पण उचलली गेली म्हणून निर्धास्त राहू नका. हत्तीरोगाचे बारीक जंतू रात्री रक्तात येतात, म्हणून तपासणीचे रक्त रात्री घेतात. अमरावतीला लागून असलेल्या नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये तीन औषधांची मोहीम झाली होती. अशा गोळ्या घरी आल्या तर आरोग्यसेविकेसमोरच घ्या, पदराला बांधून ठेवू नका.

लिपेडिमा एका गोळीने जात नाही, पण त्रास कमी करता येतो. रोज चालणे आणि सोय असेल तर पोहणे चांगले. डॉक्टरांनी माप घेऊन दिलेले घट्ट मोजे वापरावेत. अकोल्याच्या मे महिन्यात ते दिवसभर सोसत नसतील तर डॉक्टरांना तसे सांगून वेळ ठरवून घ्यावी. वजन आटोक्यात ठेवा, नाहीतर गुडघ्यांवर दुहेरी भार पडतो. पण उपाशी राहू नका आणि पाय जोराने रगडूनही घेऊ नका. चरबी काढण्याची शस्त्रक्रिया असते, ती तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच.

एक पाय अचानक सुजला, पोटरी गरम होऊन ठणकू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळंतिणीने तर मुळीच थांबू नये. सोबत धाप लागली तर क्षणही दवडू नका. पायावर बोट दाबून खळगा राहत असेल तर हृदय, मूत्रपिंड आणि रक्त तपासून घ्यावे.

अमरावतीत इर्विनला जा, अकोल्यात सर्वोपचारला. तिथे नुसते "पाय दुखतात" म्हणून परत येऊ नका. केव्हापासून, आईला होते का, डाग पडतात का, सगळे सांगा आणि साडी गुडघ्यापर्यंत वर करून पाय दाखवा. लाजायचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत लिपेडिमाची स्वतंत्र नोंद आहे.

शेवटी आयांना एक सांगणे. शाळेत शिकवताना मी पाहते, खेळाच्या तासाला एखादी मुलगी रोज काही निमित्त काढून बाकावर बसून राहते. सगळ्याच आळशी नसतात. घरी तिचे ताट मोजण्याआधी एकदा तिला जवळ बसवून विचारा, "पाय दुखतात का गं?"