मांडवातील फुले कोणी ओवावीत?

लग्नघरातील फुलांचे काम आता बहुतांशी कंत्राटदाराकडे गेले आहे. परदेशी ऑर्किड, कृत्रिम फुले आणि न कुजणारा फोम यांनी व्यासपीठ सजते. छायाचित्रे उत्तम येतात. नातलग मात्र प्रेक्षक होतात.

पूर्वी आदल्या सायंकाळी ओसरीवर सतरंजी पडे. झेंडू, शेवंती, निशिगंधाच्या राशीभोवती आत्या, मावश्या, शेजारच्या काकू, वधूच्या मैत्रिणी बसत. केळीचे वाळलेले सोपट भिजवून त्याचे दोरे सोलणे हा आजीचा मान. कोकणात अबोलीचा वळेसर गुंफणारे हात वेगळे. अबोला धरलेल्या जावाही एकाच परडीत हात घालीत. त्या सतरंजीवर आळीतील सर्व ज्ञातींच्या स्त्रियांना सर्वत्र जागा होती, असे मात्र म्हणवत नाही. समरसतेची भाषा बोलणाऱ्या घरांनी ती उणीव प्रथम भरून काढावी.

सजावटकाराच्या पोटावर पाय देण्याचे कारण नाही. मंडप त्यानेच सजवावा. वधूवरांचे हार, फुलांच्या मुंडावळ्या आणि दारावरचे तोरण तेवढे घरी व्हावे. मुंबईकरांनी दादरच्या फूलबाजारातून टोपल्या आणण्याचे काम वराच्या मित्रांवर सोपवावे. ज्यांना ओवता येत नाही, त्यांनी देठ खुडावेत. चहाचे काकांनी पाहावे.