चमचाभर दुधाचा प्रश्न

२०२० साली भारतात सुमारे ३० लाख बालके दिवस भरण्यापूर्वीच जन्मली. मातेच्या उदरात अखेरच्या तीन महिन्यांत बाळाच्या यकृतात साखरेची जी शिदोरी साठावयाची, ती या जिवांना पुरती लाभलेली नसते. अंग गार पडले की उरलीसुरली साखरही ऊब राखण्यात खर्ची पडते आणि उपाशी मेंदूला इजा होते, तीही पुष्कळदा मुकाट्याने. बाळ सुस्त पडते, घरची माणसे म्हणतात, "किती शांत आहे!"

यावर उपाय काही महागडा नाही. जन्मताच मातेच्या उघड्या छातीची ऊब, तासाभरात तिचे काढलेले दूध, गिळता येत असेल तर चमच्याने, नाही तर नळीने. आणि टाचेतील थेंबभर रक्ताची तपासणी. मातेच्या दुधाचे हे मोल मुंबईच्या शीव रुग्णालयाने १९८९ सालीच ओळखले व आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडली.

मग अडते कोठे? यंत्र असते, पण तपासणीच्या पट्ट्या संपलेल्या असतात. रात्रपाळीच्या एकाच परिचारिकेवर कित्येक पाळणे सोपविलेले असतात. कक्षाच्या उद्घाटनास मंत्री मिळतात, पट्ट्यांच्या मागणीपत्रावर सही करण्यास मात्र कोणास सवड होत नाही! या पट्ट्या अत्यावश्यक औषधांत गणाव्यात आणि अर्भककक्षांतील परिचारिकांच्या रिक्त जागा सर्वांआधी भराव्यात, अशी आमची आरोग्य खात्याकडे मागणी आहे.